मॅनियन साहेबांची बदली झाली तर?

‘द डिस्ट्रिक्ट’ ही अमेरिकन मालिका सीबीएस वाहिनीवर २००० ते २००४ अशी चार वर्षं चालली. मी ती फार उशिरा, रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर पाहिली. वॉशिंग्टन शहराला जॅक मॅनियन नावाचा नवा पोलीस प्रमुख मिळतो. बाहेरून आलेला, फटकळ आणि कुणाचं न ऐकणारा. पोलीस खात्यात नोंदी सांभाळणाऱ्या एला फार्मर या बाईंना तो हाताशी धरतो, गुन्ह्यांचे आकडे नकाशावर मांडतो आणि भर बैठकीत अधिकाऱ्यांना उभं करून विचारतो, इथे घरफोड्या का वाढल्या?

सॉफ्टवेअरवाल्याला हे आवडणारच. शिवाय त्याला खरा आधार आहे. मालिका घडवणाऱ्यांपैकी जॅक मेपल हे स्वतः न्यूयॉर्कचे पोलीस. भुयारी रेल्वेत काम करताना त्यांनी भिंतभर नकाशे लावून प्रत्येक गुन्ह्याची खूण केली होती. १९९४ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांत आलेली ‘कॉम्पस्टॅट’ पद्धत त्यातूनच उभी राहिली.

पण आम्ही डॅशबोर्ड बनवणारे एक गोष्ट जाणतो. भरलं तेच पडद्यावर दिसतं. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये माझा मोबाईल खिशातून काढला गेला. ठाण्यात गेलो तर तक्रार ‘गहाळ’ म्हणून लिहून घेतली. “भाऊ, चोरी कशाला लिहायची, विम्याला हेही चालतं,” ठाणे अंमलदार म्हणाले. मीही सही केली आणि घरी आलो. म्हणजे त्या दिवशी त्या बसमध्ये चोरी झालीच नाही! मारहाणीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात एनसीचा कागद पडतो, तेव्हाही हेच होतं. आकडे खाली दिसावेत म्हणून गुन्हा हलका करून नोंदवला जातो, असे आरोप न्यूयॉर्कमध्येही झाले आहेत.

हे झालं आकड्यांचं. मला जास्त खटकतं ते दुसरंच. चार वर्षं खुर्ची मॅनियनचीच राहते.

आपल्या नाशिकचंच पाहा. एप्रिल २०२२ मध्ये भोंग्यांचं राजकारण तापलं होतं. तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी आदेश काढला: सर्वच धर्मस्थळांनी भोंग्यासाठी ३ मेपर्यंत परवानगी घ्यावी, आणि अजानच्या आधी व नंतर १५ मिनिटं मशिदीपासून १०० मीटरच्या आत हनुमान चालीसा लावू नये. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर साहेबांचे फोटो फिरले. चौक मंडईत चहाला बसलेली पोरं म्हणत होती, “असा अधिकारी पाहिजे.” काही दिवसांतच पांडेय यांची बदली झाली आणि नवे आयुक्त जयंत नाईकनवरे यांनी त्याच महिन्यात तो आदेश मागे घेतला. आदेश योग्य होता की नव्हता, बदली कशामुळे झाली, हे वाद इथे बाजूला ठेवू. आपला सगळा दिलासा एका सहीवर टांगलेला होता आणि ती सही महिनाभरही टिकली नाही.

याच राज्यातली भिवंडी मला म्हणून आठवते. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या सुरू केल्या. शांतता समितीत एरवी पुढारी मिरवतात. इथे गल्लीतली साधी हिंदू-मुसलमान माणसं नियमित बसायची आणि सोबत त्या भागाचा पोलीस असायचा. बोलणं नळाचं, गटाराचं, भांडणाचं. त्यातून शिपाई लोकांना नावानं ओळखू लागला आणि लोक त्याला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती. त्यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या.

पुढचंही सांगायला हवं. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्यावरून भडका उडाला. गोळीबारात दोघांचा जीव गेला आणि जमावाने दोन पोलिसांना मारून टाकलं. समित्यांमधला जीव तोवर गेला होता, असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. त्या दोन शिपायांना जमावातलं कुणी नावानं ओळखत असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात निर्देश दिले: महत्त्वाच्या पदांवर किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून राज्य आणि विभाग पातळीवर अशा प्राधिकरणांची तरतूद केली. नाशिक विभागासाठी अर्ज कुठे द्यायचा, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मोर्चाचा रस्ता मात्र सगळ्यांना पाठ असतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घरी अम्मीने त्यात पोलीस चौकीचीही पायरी जोडली आहे. तिची भीती खोटी नाही. पण आपण गेलोच नाही तर आपली नोंदही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ वाचून ठेवा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, आणि नोंदीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं (आपल्या शहरात उपायुक्तांना), आणि त्यानंतर दंडाधिकारी आहेत.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका पोराची दुचाकी गेली. आम्ही दोघे ठाण्यात गेलो. आधी ‘चार दिवस शोधा’ असं उत्तर मिळालं. कलम सांगितलं आणि बाकड्यावर बसून राहिलो. दीड तासाने एफआयआरची प्रत हातात आली. मधे अंमलदारांनी चहाही पाजला. गाडी अजून मिळालेली नाही.