बेडी हे औषध नव्हे

छडीने मूल शहाणे होत नाही, हे आम्हा शिक्षकांना बी.एड.मध्ये शिकवतात. तुरुंगाला कोण शिकवणार? कानात आवाज ऐकू येणारा, रात्रभर ओरडणारा कैदी शिस्त मोडत नसतो. तो आजारी असतो. १८९४च्या तुरुंग कायद्याने बेड्या आणि एकांतकोठडी या शिक्षा ठरवल्या. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास व एकांतात कोंडण्यास मनाई केली. ठाण्यात मध्यवर्ती कारागृह आहे, तसे १९०१पासूनचे मनोरुग्णालयही आहे. कल्याणचे आधारवाडी कारागृहही दूर नाही. कैद्यापर्यंत दंडुक्याआधी डॉक्टर पोचलाच पाहिजे.

पण बोट फक्त सरकारकडेच का? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली. साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. त्या साखळ्या तुरुंगाच्या नव्हत्या.

जामिनासाठी वर्गणी काढणारे आपण, कैद्याचा आजार मात्र बदनामीच्या भीतीने लपवतो. लपवू नका. न्यायालयात लेखी अर्ज द्या, मानसिक तपासणी मागा. उपचार हा कैद्याचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.