गाणं विचारायचं राहूनच गेलं

पंचवीसेक वर्षं झाली असतील. आमच्या गटातल्या आम्ही चौघीजणी सोलापूरहून एस. टी.ने मोडनिंबला गेलो होतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, माढा तालुक्यातलं हे गाव तिथल्या कलाकेंद्रांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. हातात छापील प्रश्नावली होती. एड्सविषयी जागृती करण्याचे ते दिवस, आणि आम्ही मोठ्या उत्साहात. वेळ मुद्दाम दुपारची निवडली, कारण रात्री त्यांचं काम असतं. एका संगीत पार्टीच्या मालकीणबाईंनी आम्हाला चटईवर बसवून चहा पाजला आणि प्रत्येक प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. वय किती, मुलं किती, त्यांचा बाप काय करतो, कुणी फसवलं का, अंगावर कर्ज किती, कोणकोणते आजार झाले. कागद पिशवीत घालून आम्ही उठलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "समदं इचारलं तुमी ताई, पर गाणं कुठं शिकली ते इचारायचं राह्यलं की."

आम्ही हसलो आणि गाडी गाठायला पळालो. वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आलं. मैत्रिणींनो, एखाद्या गवयाकडे आपण मुलाखतीला गेलो तर पहिला प्रश्न काय विचारतो? गुरू कोण, घराणं कोणतं, रियाज किती. बारीतल्या बाईला मात्र तिच्या शरीराबद्दल विचारायचं आणि निघायचं. दौलतजादा करणारा पुरुष तिच्याकडे जसा बघतो, त्याच जागेकडे आम्हीही बघत होतो. त्याच्या डोळ्यांत हाव, आमच्या डोळ्यांत कणव, एवढाच काय तो फरक. हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

नंतर मी एकटीच त्यांच्याकडे जात राहिले. मावशी म्हणायला लागले. आणि मग गाणं हळूहळू कळू लागलं.

संगीत बारी आणि ढोलकी फड यांत फरक आहे, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. फडाचा तमाशा तंबू घेऊन गावोगाव फिरतो. त्यात गण, गवळण, बतावणी, वग असं सगळं असतं. बारीत वग नाही. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि पाळीपाळीने रंगमंचावर येतात, म्हणून ती बारी. काही महिन्यांचा करार संपला की पेट्या-वळकट्या बांधायच्या आणि पुढचं थिएटर गाठायचं. मोडनिंब, जामखेड, चौफुला, सणसवाडी, पुण्याचं आर्यभूषण. पार्टीला नाव बाईचं असतं. ढोलकी, तबला, पेटी वाजवणारे पुरुष तिच्या नावाखाली काम करतात.

मावशींचं पहिलं शिक्षण आईच्या मांडीवर झालं, तेही धावत्या गाडीत. आईने बालेघाटी लावणी शिकवली. ही विरहाची, संथ. छक्कड त्या मानाने उडती, ती पोरीसोरींनाही लवकर येते. पण बैठकीच्या लावणीला कस लागतो. बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि दर वेळी तिचा अर्थ डोळ्यांनी, बोटांनी, पदराच्या टोकाने बदलायचा. ठुमरी ऐकलेल्या बाईला हे ओळखीचं वाटेल, आणि ते योग्यच आहे. मावशींच्या आईला एका मुसलमान सारंगियाने ठुमरी-दादऱ्याच्या जागा दिल्या होत्या. पिलू, भैरवी, यमन ही नावं त्या घरातल्या माणसांसारखी घेतात. मुक्काम बदलला की गाणंही बदले. सोलापूर शहरात उर्दू बोलणारा श्रोता कव्वालीच्या ढंगाची फर्माईश करी. अक्कलकोटच्या बाजूचा कानडी ठेका मागे. "गाव तसा ठेका," त्या म्हणतात. मग रेडिओ आला, सिनेमा आला. १९७२ चा 'पिंजरा' आला तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. राम कदमांच्या चाली आणि उषा मंगेशकरांचा आवाज, दोन्ही त्यांनी चहाच्या हॉटेलातल्या रेकॉर्डवरून उचलले. गंमत बघा, फडातून आणि बारीतून उचललेलं गाणं सिनेमात गेलं, तिथून ते बारीत परत आलं, आणि श्रोता बाईलाच सांगू लागला की सिनेमातल्यासारखं म्हणा!

सुलोचना चव्हाणांविषयी मावशींना फार आदर. डोक्यावर पदर घेऊन त्यांनी लावणी माजघरात नेली, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी त्या गेल्या. आवाजाचा ठसका असा की मावशी म्हणतात, रेकॉर्ड लागली की ढोलकीवाल्याचा हात आपोआप उठे. पण मला एक गोष्ट बोलावीशी वाटते. त्या पदरामुळे लावणी चांगल्या घरात ऐकण्याजोगी झाली, असं आपण सहज म्हणून जातो. म्हणजे गाणं तेच, लाज कुठे आहे ते बाईच्या कपड्यावरून ठरणार.

आम्हा सोलापूरकरांना रामजोशींचा अभिमान. १७६२ ते १८१२ हा त्यांचा काळ. शास्त्री-जोशांच्या घरातला हा माणूस तमाशाच्या फडात रमला आणि लावणीकार म्हणून अमर झाला. अभिमान जरूर असावा. पण ज्या बायकांनी त्या लावण्या दोनशे वर्षं गळ्यात सांभाळल्या, त्यांच्यापैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? शब्द बहुतेक पुरुषांनी लिहिले, तेही बाईच्या तोंडी घालून. ती पुरुषाला कशी विनवते, कशी झुरते, हे पुरुषानेच ठरवलेलं. मावशी त्यातली लाडिक विनवणी अशा काही सुरात म्हणतात की समोरचा बाप्या ओशाळतो. ही जागा रामजोशींनी लिहिलेली नाही. ती मावशींच्या आईची आहे. बार्शीच्या अमर शेखांचा आवाज महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्यांना लोकगीतांचा वारसा आईकडून, मुनेरबींकडून मिळाला होता, हे किती जण सांगतात?

आता रस्त्याविषयी. कारण गाणं आणि रस्ता वेगळे काढता येत नाहीत.

फडाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि अक्षय तृतीयेच्या पुढे जत्रा संपेपर्यंत चालतो. रात्रभर खेळ, पहाटे तंबू उतरवायचा, ट्रकमध्ये सामानावर पाठ टेकायची, दुपारी नव्या गावात उतरायचं. पावसाळ्यात काम नाही, म्हणून उचल घ्यायची, आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात जायचा. बायकांना विचारा, रस्त्यावर सगळ्यात अवघड काय? नाचणं कुणीच सांगत नाही. आंघोळीला आडोसा नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत कापड कुठे धुवायचं आणि कुठे वाळवायचं, हे सांगतात. बारीत निदान डोक्यावर छप्पर असतं, पण मुलं तिथे ठेवता येत नाहीत. ती आजीकडे गावाला.

अशा मुलांपैकी एकाने आपल्याला सगळं लिहून दिलं आहे. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे किशोर शांताबाई काळे डॉक्टर झाले, १९९४ साली त्यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आलं, आणि २००७ साली ते अपघातात गेले. नावात मधोमध आई. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं, तेव्हा आपण आनंद केला. करायलाच हवा होता. फक्त हे नाव लावल्याबद्दल पार्टीतल्या बायकांच्या मुलांनी शाळेत काय ऐकून घेतलं, ते त्या दिवशी कुणाला आठवलं नाही.

आणि विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १९३५ साली आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मल्या. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. त्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, तंबूमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. ही गोष्ट व्यासपीठावरून सांगितली की टाळ्या पडतात. कलेवरची निष्ठा म्हणून. मला दर वेळी राग येतो. दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री उभं राहावं लागलं, कारण खेळ झाला नाही तर पैसा नाही, आणि शंभर माणसांचं जेवण तिच्या पायांवर. २००२ साली त्या गेल्या, शेवटची वर्षं ओढगस्तीत काढून. आज त्यांच्या नावाने सरकारी जीवनगौरव पुरस्कार दिला जातो.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली, आणि घोड्यांचे, कसरतीचे व इतर खेळ करून दाखवण्यासाठी जिथे माणसं नोकरीला ठेवतात, त्या जागा कायद्याखाली आल्या. डोळ्यांपुढे सर्कस असावी. पण 'इतर खेळ' हे शब्द होते. ते शब्द घेऊन तमाशातल्या बायांसाठी उभं राहावं, असं आम्हाला सुचलं नाही. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे.

सुचलं का नाही, याचं उत्तर मला आमच्याच शहरात मिळतं. सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायकांसाठी १९६६ चा कायदा होता, १९७६ पासून कल्याण निधी आहे. लढून लढून कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली उभी राहिली. ती मिळाली, कारण त्या बायका कामगार आहेत हे आधी त्यांनी स्वतः मानलं आणि मग सरकारला मानायला लावलं. बारीतल्या बाईला एक तर कलावती म्हणायचं, नाही तर बळी. कामकरी बाई म्हणायला जीभ रेटत नाही. काही मैत्रिणी म्हणतील, या धंद्यात बाईला बैठकीला बसवतात, पोरींना लहानपणी जुंपतात, त्याचं काय? तो प्रश्न खराच आहे, आणि मावशींनी स्वतःच्या मुलीला पायात चाळ बांधू दिले नाहीत. तरी त्यांना मी विचारलं, तुमचं आयुष्य वाया गेलं असं वाटतं का? त्या चिडल्या. "गाणं येतंय मला," एवढंच म्हणाल्या.

२०२० आणि २०२१ साली जत्रा बंद, थिएटरं बंद. साथ संपल्यावरही जुने दिवस परतले नाहीत. तरण्या पोरींना ट्रॅकवर नाचायला बोलावतात, मग ढोलकीवाल्याला कोण विचारतो? मावशी आता सत्तरीच्या आहेत, गुडघे गेलेत. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी त्यांचा अर्ज भरायचा होता, म्हणून गेल्या महिन्यात गेले. कलावंत असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी ट्रंकेतून जुनी हँडबिलं काढली. तारखा कसरीने खाल्लेल्या.

अर्ज भरून झाल्यावर मी कोरी वही काढली आणि विचारलं, "मावशी, गाणं कुठं शिकलात?"

"आता लिवा," त्या म्हणाल्या. आईपासून सुरुवात केली. आईची आई, तिची मावसबहीण, सारंगिया, जामखेडच्या थिएटरातली एक जुनी बाई जिच्याकडून एक चौकाची लावणी एका लुगड्याच्या बदल्यात घेतली होती. मधे अडल्या की गाऊन दाखवत, आणि गाताना पुढचं नाव आठवे. अकरा पानं झाली. पार्टी काढली त्या वर्षापर्यंत अजून आलोच नव्हतो, आणि माझी साडेपाचची गाडी गेली.