आजी, जार पडायची वाट नको!

बरं का दोस्तांनो, दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. आई-बाबा ऊसतोडीला कारखान्यावर जातात. काहीजण मुलांनाही नेतात. नाही नेलं तर मागे उरतात आजी-आजोबा, तुम्ही आणि दावणीच्या शेळ्या. मग एखाद्या थंडीच्या रात्री शेळी व्यायला लागते, आणि बॅटरी धरायला तुम्हीच असता!

आपल्याकडची शेळी बहुधा उस्मानाबादी, काळीभोर. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीचं मात्र उस्मानाबादीच राहिलं.) तिला जुळी सहज होतात, कधी तिळीही. सड मात्र दोनच! दोन दांडगी करडं सड धरतात आणि तिसरं कोपऱ्यात कुडकुडत बसतं. आपलं लक्ष त्याच्यावर हवं.

आधी त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसा. गोणपाटानं अंग खसखसून कोरडं करा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. आणि लगेच चीक पाजा.

इथंच आजी म्हणेल, "थांब रं, आधी जार पडू दे!" आजीचं एरवी सगळं ऐका, एवढं मात्र ऐकू नका. माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची शिदोरी आईच्या पोटातच मिळते. करडाला ती मिळत नाही, ती असते चिकात. करडाचं आतडं ती शोषून घेतं ते फक्त पहिला दिवसभर, आणि ती ताकदही तासातासानं घटत जाते. म्हणून पहिला तास मोलाचा. शिवाय करडू लुचायला लागलं की जार पडायला मदतच होते. हे आजीला जरूर सांगा!

चीक किती? दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. म्हणजे दोन किलोच्या करडाला दोनशे मिलिलिटर, चार-पाच वेळा थोडा थोडा.

करडाला लुचता येईना? मग त्याच्या तोंडात बोट घालून पाहा. गार लागलं तर आधी पोत्यात गुंडाळून शेकोटीशी ऊब द्या. गारठलेल्या करडाला चीक पचत नाही. अंगात ऊब आली की चीक पिळून बाटलीनं पाजा. करडू उभं हवं, मान किंचित वर. उताणं धरून पाजलंत तर चीक श्वासनळीत जाऊन करडू दगावतं.

पोट भरलं की त्याला भावंडांच्या मधोमध, डालग्याखाली ठेवा. आणि झोपताना गजर लावा. तीन तासांनी पुन्हा पाजायचंय!