पद मंजूर झालं, पण पोराच्या वर्गात विशेष शिक्षक किती दिवस?

वर्धा : पाचवीत गेलं तरी पोट्ट्याला दोन ओळी वाचता येत नाहीत. घरचे म्हणतात लक्ष नाही, शेजारी म्हणतात मोठं झालं का सुधरते. अशात दोन-तीन वर्षं निघून जातात. पोरगं मठ्ठ नसते, त्याला शिकवायची पद्धत वेगळी लागते.

कायदा पालकांच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. स्वमग्नता आणि वाचन-लेखनाची अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, त्यात आली. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

अडते ते शिकवणाऱ्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिले. प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. राज्य सरकारने २०२४ मध्ये ४८६० पदे मंजूर केली, म्हणजे एका केंद्राला एक. आता हिशोब करा. केंद्रात १० शाळा धरल्या आणि शिक्षक आठवड्याचे ५ दिवस फिरले, तरी एका शाळेची पाळी पंधरा दिवसांतून एकदा येते. बाकी दिवस ते पोरगं वर्गशिक्षकाच्याच भरवशावर. त्यांच्याकडे एकाच खोलीत दोन-दोन वर्ग असतील तर ते तरी किती पुरणार?

दुसरा अडसर प्रमाणपत्राचा. अर्ज मोबाईलवरून स्वावलंबन संकेतस्थळावर भरता येतो, पण तपासणीला दवाखान्यात जावंच लागते. आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडच्या माणसाला त्यासाठी वर्धा गाठायचं तर दिवस जातो. सोयाबीन काढणीत नाहीतर कापूस वेचणीत मजुरी बुडते, म्हणून काम पुढच्या महिन्यावर ढकललं जाते. त्याची किंमत दहावीत कळते. प्रमाणपत्र नसलं तर जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत हातची जाते.

पालकांनी तोंडी सांगून थांबू नये. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, एक प्रत तालुक्याच्या गट साधन केंद्रात द्यावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारावा : विशेष शिक्षक या महिन्यात किती दिवस आले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. कागदावर आलेलं मागता येते, तोंडी बोललेलं हवेत जाते.