नंबर बुटाचा, पाय बाईचा

"बायकांना गमबूट दिले तरी त्या घालत नाहीत." सफाई कामगार स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकींनी हे वाक्य कधी ना कधी ऐकले असेल. मुकादम म्हणतो, ठेकेदार म्हणतो, कचेरीतले साहेबही म्हणतात. दोष बाईच्या सवयीचा ठरतो आणि बूट नामानिराळा राहतो. गेली काही वर्षे मी शहरात कचरा उचलणाऱ्या स्त्रियांच्या गटांबरोबर काम करते आहे. मला वाटते, या तक्रारीचे उत्तर शोधायचे तर बुटाच्या तळव्यावर छापलेल्या आकड्यापासून सुरुवात करायला हवी.

आमच्या गटांना मिळणाऱ्या बुटांत बहुतेक जोड ७, ८, ९ नंबरचे असतात, क्वचित ६ चे. गटातल्या पुष्कळ जणींचे पाऊल मात्र २२ ते २३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या दुकानातल्या नंबरात ३ किंवा ४. मग त्या पुढे चिंध्या कोंबतात, नाहीतर दोन दोन मोजे घालतात. पावसात पाणी आत शिरते, चिंध्या भिजतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. गाडीवर चढताना बूट मागे राहतो आणि पाय पुढे जातो. असा बूट काढून चपलेवर कामाला येणाऱ्या बाईला निष्काळजी म्हणायचे का? काच, खिळा, सुई पायात गेली तर दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला रोज तिच्याच माथी येतो. धोका तिला पुरेपूर ठाऊक असतो.

हा नंबर येतो कुठून? आपल्याकडे रूढ असलेली पद्धत इंग्रजांची. तिचे एकक आहे बार्लीचा दाणा, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग मोठ्यांचे पुन्हा १ पासून सुरू होतात. तीन नंबरांचा फरक म्हणजे बरोबर एक इंच. ४ नंबरच्या पायात ७ नंबरचा बूट घातला की इंचभर जागा जास्तीची. हे गणित समजले की "थोडा सैल आहे, चालवून घ्या" या वाक्यातला 'थोडा' किती मोठा आहे ते कळते.

युरोपात वेगळा हिशेब चालतो. तिथले एकक सेंटिमीटरचा दोन तृतीयांश भाग. मोजमाप पावलाचे नसून ज्या ठोकळ्यावर बूट बेततात त्या फर्म्याचे असते, आणि फर्मा पावलापेक्षा साधारण दीड-दोन सेंटिमीटर लांब ठेवतात. म्हणून पावलाच्या लांबीत दीड सेंटिमीटर मिळवून त्याची दीडपट केली की युरोपचा नंबर जवळपास मिळतो. २३ अधिक दीड म्हणजे साडेचोवीस, त्याची दीडपट पावणेसदतीस. म्हणजे ३७ नंबर. याच पावलाला आपल्याकडे ४ म्हणतात. अमेरिकेत पुरुषांचे आणि स्त्रियांचे आकडे वेगळे चालतात. तिथे स्त्रियांच्या बुटावर याच मापाला साधारण ६ लिहिलेले असते. कंपनीगणिक अर्ध्या-एक नंबराचा फरक पडतो तो निराळाच.

याचा आपल्याशी संबंध काय, असे वाटेल. देणगीत आलेले वापरलेले बूट अनेक वस्त्यांत वाटले जातात. त्यावर अमेरिकी ६ पाहून एखादी बाई ठेकेदाराच्या यादीत "माझा नंबर ६" असे लिहिते आणि तिला इथला ६ मिळतो. दोन नंबरांचा फरक, म्हणजे जवळजवळ १७ मिलिमीटर. तिने खोटे सांगितलेले नसते. आकडा तोच, भाषा निराळी.

आणि लांबी जमली तरी प्रश्न संपत नाही. नंबर फक्त लांबी सांगतो. पंजाची रुंदी आणि पावलाची उंची सांगत नाही. आयुष्यभर अनवाणी किंवा चपलेत वावरलेला पंजा पसरट असतो. त्यात अनेकींच्या बोटांत जोडवी असतात, त्यांना जागा लागते. पुरुषाच्या फर्म्यावरचा बूट नुसता लहान केला की तो बाईचा होतो, हा गैरसमज आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीय पावले युरोपी-अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असतात, असे त्यात दिसले. त्या आधारावर 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवण्यात आली आणि तिच्यात स्त्रियांचा गट स्वतंत्र ठेवला गेला. पावलांची एवढी मोजदाद झाली हे चांगलेच झाले. पण ठेकेदाराच्या खरेदीत तिचा उपयोग व्हायचा तर मागणी आपल्यालाच लावून धरावी लागेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने आपली पावले आपणच मोजावीत. भिंतीशी कागद ठेवून टाच भिंतीला टेकवावी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे, सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठा धरावा. मोजायचे कामानंतर, संध्याकाळी, कारण दिवसभर उभे राहून पाय सुजलेले असतात. पंजाचा घेर टेपने घ्यावा. नाव, लांबी आणि घेर मिलिमीटरमध्ये लिहावा. मिलिमीटर कुठल्याही देशात मिलिमीटरच राहतो. पावलाची लांबी थेट मिलिमीटरमध्ये लिहिण्याची आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे, तिला मोंडोपॉइंट म्हणतात. गावातला चर्मकार कारागीर पूर्वीपासून हेच करत आला: पाऊल कागदावर ठेवले, भोवती रेघ ओढली, चप्पल बेतली.

ही यादी निवेदनाला जोडावी. निविदेतच लिहिले जावे की बूट या मापांप्रमाणे, स्त्रियांच्या फर्म्यावरचे, रुंद पंजाचे हवेत. वाटपाच्या दिवशी घालून, चालून बघता यावे. न बसलेला जोड ठरल्या मुदतीत बदलून मिळावा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच कचरा हाताळणाऱ्या सर्व कामगारांना योग्य पादत्राणे मिळतील हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. न बसणारा बूट 'योग्य' कसा? इतकी मापे सांभाळणे परवडत नाही, असे उत्तर येईल. हजेरीपटावर प्रत्येकीचे नाव लिहायला जागा असते, तिथे आणखी एक रकाना वाढवायला किती खर्च येतो?

काही मैत्रिणी विचारतात, पगार वेळेवर नाही, नोकरी कायम नाही, अशा वेळी बुटाचे काय घेऊन बसलीस? पगाराची आणि कायम नोकरीची लढाई मोठी आहे आणि ती चालूच राहील. बुटाच्या यादीने ती कमकुवत होत नाही. उलट, युनियनच्या सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या बायका पाऊल मोजताना बोलू लागतात, हे मी पाहिले आहे. टाचेच्या भेगा, जुन्या जखमा, पाळीच्या दिवसांत मुतारी नसणे, सगळे त्या कागदाभोवती बाहेर येते. आपल्या शरीराचे माप आपण घेणे आणि कामाने त्या मापात बसावे असे म्हणणे, हीसुद्धा संघटनेची सुरुवात असते. येत्या पावसाळ्याआधी आपापल्या गटाची यादी करून ठेवूया.