भेकराचा आवाज काढू नका, ऐका

अमेरिकेत शरद ऋतूच्या तोंडाला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, तेव्हा शिकारी फुंकणीतून नराचा हलका हुंकार काढतात. माजाचा भर नोव्हेंबरात असतो. त्याआधी जोरकस आव्हान दिलं तर कोवळे नर बिचकतात, म्हणून सुरुवातीला आवाज मऊ आणि मोजका ठेवायचा. तिथे शिकारीला परवाना लागतो, किती जनावरं मारायची याची मर्यादा असते. आपल्याकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरच्या वरच्या रानात अशा शिकारीला जागाच नाही, आणि नसावी.

हे कसब भारतालाही नवं नाही. पान ओठांशी धरून पिल्लाची आर्त हाक काढायची आणि मादी जवळ आली की बार टाकायचा, ही जुन्या शिकाऱ्यांची रीत. कोल्हापूर संस्थानात तर पाळीव चित्ते सोडून काळवीट मारले जात. पण याच संस्थानाचं दाजीपूरचं शिकारीचं रान १९५८ मध्ये अभयारण्य झालं. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या लेखी गोळी घालणं तेवढीच शिकार नव्हे; फास लावणं, हाका घालणं, आमिष दाखवणं आणि तसा नुसता प्रयत्नही शिकारच. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात ती केली तर तीन ते सात वर्षांची कैद.

बंदूक नसली तरी मोबाइल आहे, आणि त्यावर हरणांचे आवाज सहज मिळतात. फोटोसाठी ते रानात वाजवणं निरुपद्रवी वाटतं. ते तसं नाही. पिल्लाची खोटी हाक ऐकून मादी आडोसा सोडते. खरं पिल्लू गवतात एकटं पडतं, आणि जवळच्या चांदोलीच्या रानात कोळसुंदे आहेत, बिबटे आहेत.

याच आवाजांत खरं ज्ञानही आहे. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, कधी तासभर. झाडी दाट आणि समोरचं दिसेनासं झालं की त्याचं भुंकणं वाढतं. त्यामुळे एवढ्यावरून जवळ वाघ-बिबट्या असल्याचं ठरवता येत नाही. सांबराचं वेगळं. पाय आपटत ते पुन्हापुन्हा मोठ्यानं ओरडू लागलं, तर शिकारी जनावर बहुधा त्याच्या नजरेच्या टप्प्यात असतं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, २०१८ च्या मे महिन्यात चांदोलीत कॅमेऱ्यानं वाघ टिपला. अशा रानात गस्त घालणाऱ्याचे कान तयार असणं फार मोलाचं.

हे कान शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर, गुरं राखण्यात आयुष्य गेलेल्या माणसांकडे आहेत. वनखात्यानं त्यांना रोजंदारीवर वणवा विझवायला बोलावून थांबू नये. आंबा गावच्या वाटाड्यांना आणि नव्या वनरक्षकांना शिकवायला त्यांना मानधन देऊन बोलवावं. रानात आवाज वाजवू नयेत असा फलक आंबा गावच्या नाक्यावर पावसाळा संपण्याआधी लागावा, कारण पर्यटकांची गर्दी दसऱ्यापासूनच सुरू होते.