पहिले खाते कोठे उघडावे?

शिक्षण संपवून अंधेरी-बोरिवलीत भाड्याच्या खोलीत राहू लागलेला तरुण बँक निवडताना बहुधा घराजवळची शाखा पाहतो, नाहीतर अर्धा टक्का जादा व्याज. घराजवळची शाखा भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचीही होती. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध लादले; आरंभी सहा महिन्यांत केवळ हजार रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एकाच बांधकाम समूहाकडे होते, तेही बनावट खात्यांआड दडवलेले. पासबुकात हे कसे दिसावे?

म्हणून सहकारी बँका सरसकट त्याज्य ठरत नाहीत. २०२५मध्ये संकटातील न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक सामावून घेतली ती सारस्वत या सहकारी बँकेनेच. ठेवविम्याची मर्यादा २०२०मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली, निर्बंध आल्यास नव्वद दिवसांत रक्कम देण्याची तरतूद २०२१मध्ये आली. परंतु घरमालक नव्वद दिवस थांबत नाही! तेव्हा पगार एका बँकेत, तर तीन महिन्यांचा खर्च दुसऱ्या बँकेत ठेवावा. आणि पाटी नीट वाचावी. पतपेढीतील ठेवीला हा विमा लागूच नाही.